‘त्या पोरांत कशाला बसतोस?’

गेल्या महिन्यात माझा भाचा एका संध्याकाळी दारात उभा राहिला. पाठीवर गिटार होती. ‘मामू, ही तुमच्याकडे राहू दे,’ म्हणाला. किती दिवस, असं विचारलं, तर उत्तर नाही. चहाही न घेता परत गेला. रात्री बहिणीचा फोन आला, तेव्हा सगळं समजलं.

भाचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार मुलगे आणि गाणारी एक मुलगी, असा त्यांचा बँड. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी स्वतः बांधलेली दोन गाणी वाजवली. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, मुलांनी ते यूट्यूबवर टाकलं, आणि ते फिरत फिरत आमच्या जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडलं. दोन दिवसांनी इशाच्या नमाजनंतर गावातले एक बुजुर्ग आणखी दोघांना घेऊन बहिणीच्या घरी आले. बसले, चहा घेतला, खारी खाल्ली. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. निघताना एवढंच म्हणाले, ‘पोरगं हुशार आहे. संगीत हराम आहे हे तुम्हाला सांगायला नको. आणि त्या पोरांत कशाला बसतो तो?’ मेहुणे कतारला. फोनवर त्यांनी मोठ्यांचं ऐकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चित्रण काढून टाकलं गेलं आणि गिटार माझ्याकडे आली.

ही गोष्ट एका पुरोगामी मित्राला सांगितली. तो लगेच म्हणाला, ‘तालिबानच आहेत हे!’ मला त्याचाही राग आला. जुलै २०२३ मध्ये तालिबानने हेरातमध्ये वाद्यांचा ढीग करून जाळला, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. आमच्याकडे कुणी काही जाळलं नाही. इथे चहा पिऊन काम झालं. दोन्हींत फरक आहे, आणि तो नीट पाहिल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही. जाळणाऱ्याशी भांडता येतं. आपल्या बापाच्या जनाज्याला खांदा दिलेला माणूस समोर बसून चहा पीत असेल, तर त्याच्याशी काय भांडणार?

तरी भांडायचं म्हणूनच हे लिहितो आहे. त्या बुजुर्गांच्या वाक्यात दोन भाग आहेत. ‘संगीत हराम आहे’ हा पहिला आणि ‘त्या पोरांत’ हा दुसरा.

पहिल्याबद्दल प्रामाणिकपणे बोलतो. चारही मजहबांच्या बहुतेक फुकहांनी तारवाद्यांना मनाई केली आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्या मजहबात दफ चालतो, तार चालत नाही, असंच शिकवलं जातं. हे नाकारून मी कुणाची फसवणूक करणार नाही. पण ही बाब चौदाशे वर्षांत एकमताने मिटलेली होती, असं जे सांगतात तेही फसवतातच. अकराव्या शतकात अंदलुसमधल्या इब्न हज्म यांनी, वाद्यांच्या मनाईसाठी नेहमी पुढे केली जाणारी हदीस कथनाच्या साखळीत तुटलेली आहे, असं म्हटलं. पुढच्या मुहद्दिसांनी त्यांना उत्तरं दिली. म्हणजेच वाद होता, आणि तो जाणत्यांमधला होता. आपल्या काळात युसुफ अल-करदावी यांनी अटी घालून संगीताला मुभा दिली. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरात दोन मुली दफ वाजवून गात होत्या, हजरत अबू बक्र यांनी त्यांना दटावलं आणि खुद्द पैगंबरांनी ‘राहू दे त्यांना’ असं सांगितलं, ही हदीस तर बुखारीतच आहे. आमच्या मदरशात ती शिकवली जायची. मात्र ‘पण’ लावून.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते इमाम गझाली. ते स्वतः शाफई, आमच्याच मजहबाचे. ‘इह्या’मध्ये त्यांनी समा, म्हणजे गाणं ऐकण्यावर, एक अख्खा भाग लिहिला आहे. तारवाद्यांची मनाई ते मान्य करतात. पण कारण काय देतात? आवाज गोड आहे म्हणून तो हराम, असं ते म्हणत नाहीत. तसं असतं तर पाखरांचा आवाजही ऐकता आला नसता. त्यांच्या मते ही वाद्यं दारूच्या बैठकीची खूण होती, दारुड्यांच्या संगतीत वाजायची, म्हणून मनाई. म्हणजे मुद्दा तारेचा नाही, संगतीचा आहे.

आता बुजुर्गांच्या वाक्याचा दुसरा भाग पाहा. तेही संगतीबद्दलच बोलले. पण ‘त्या पोरांत’ म्हणताना त्यांच्या मनात दारू नव्हती. माझ्या भाच्याच्या बँडमधली मुलं सुपारीचं खांडही चघळत नाहीत. ‘त्या’ या शब्दाचा अर्थ वेगळा होता, आणि तो त्या खोलीतल्या सगळ्यांना कळला.

मला तो जरा लवकरच कळला. कारण सव्वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्या बाबतीत बोललं गेलं होतं.

कोकण रेल्वे सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत. त्याच वर्षी आमचा बँड जमला. ‘बँड’ हा शब्द तेव्हा आमच्याकडे लग्नाच्या वरातीसाठी होता, त्यामुळे कॉलेजात आम्हाला ‘ब्रासबँडवाले’ म्हणून चिडवत. आम्ही चौघे. गिटार होती मालवणच्या एका ख्रिस्ती मुलाकडे, त्याच्या बोटीवर असणाऱ्या काकाची. पेटी वाजवणारा आचऱ्याकडचा. तालाला होता मिठबावचा मुलगा. त्याने आयुष्यात ड्रम पाहिला नव्हता, पण भजनाच्या डबलबारीत तो पखवाज वाजवायचा. डबलबारी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन भजनी मंडळं आमनेसामने बसतात, एका बुवाने गायचं, कोडं घालायचं, दुसऱ्याने त्याला गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि मंडपातली माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. शहरातल्या कॉलेजांत ‘बॅटल ऑफ द बँड्स’ नावाचा जो प्रकार मोठ्या कौतुकाने होतो, तो आमच्या जिल्ह्यात पेटी-पखवाजावर केव्हापासून चालू आहे. आणि मी गायचो. माझा आवाज रातीबात तयार झाला होता. दफाच्या ठेक्यावर हळूहळू चढत जाणारा तो घोष लहानपणापासून कानात होता. चढायचं कसं आणि श्वास कुठे घ्यायचा, हे मला तिथेच समजलं.

सराव चालायचा मिठबावला, त्या पखवाजवाल्याच्या मांगरात. जूनच्या पहिल्या आठवड्यात हापूस संपला की मांगर रिकामा. भिंतीला लाकडी पेट्यांची चळत, खाली आढीचा उरलेला पेंढा. त्या पेंढ्याचा असा फायदा झाला की आवाज घुमायचा नाही. अॅम्प्लिफायर मंडपवाल्याकडून आणलेला आहुजाचा. पावसात तो मिळायचा, कारण पावसात लग्नं नसतात. शाळेच्या कवायतीचा ढोल आडवा टाकून त्याला सायकलच्या ब्रेकची दांडी जोडून पायाने वाजवायचा खटाटोप त्याने केला होता. तो तिसऱ्या दिवशी मोडला. मग तो ढोल त्याचा धाकटा भाऊ हाताने बडवायचा, पगार म्हणून दोन बिस्किटं. कौलांवर पाऊस लागला की आमचं आम्हालाच ऐकू यायचं नाही. लाइट गेली की पेटी, पखवाज आणि साधी गिटार. खरं तर तेव्हाच आम्ही बरे वाजायचो.

त्याची आई अधूनमधून दारात येऊन ओरडायची, ‘आवाज कमी करा रे, गुरां बुजतत!’ पण जेवल्याशिवाय सोडायची नाही. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘कोंबडी केलंय नाय. बांगडे आसत. तुका चलता मां?’ हलालचा प्रश्न तिला कुणी शिकवला होता, मला माहीत नाही. तिन्हीसांजेला ती तुळशीपुढे दिवा लावायला जायची, आणि त्याच सुमाराला मगरिबची वेळ व्हायची. पेट्यांच्या मागचा कोपरा झाडून ठेवलेला असायचा. मी नमाज पढेपर्यंत पखवाजवाला पखवाजावर बोट ठेवत नसे. नुसता बसून राहायचा, ज्याला दोन मिनिटं गप्प बसणं जमत नाही असा तो मुलगा! ही आमची संगत. इमाम गझालींना मी कयामतच्या दिवशी तिचं वर्णन ऐकवायला तयार आहे.

गाणी आमची आम्ही करायचो. इंग्रजी येत नव्हतं हे एक कारण, आणि इंग्रजी गाणी वाजवणारी मुंबईची मुलं आमच्यापेक्षा शंभरपट चांगली वाजवणार हे दुसरं. रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ १९८६ पासून चालू होतं, त्याच्या बातम्या कधीतरी वाचायला मिळायच्या. आमची गाणी मालवणी आणि मराठीत होती. एक होतं मनीऑर्डरीवर. कोकणात ते न सांगताही समजतं. हिंदूंची घरं मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायची, आमची आखातातल्या ड्राफ्टवर. पोस्टमन दोघांचा एकच. हे गाणं मी आणि पेटीवाल्याने मिळून लिहिलं. त्याचे वडील गिरणी बंद पडून गावी परतलेले, माझे अब्बा कुवेतला. एकाला पैसे येणं बंद झाल्याचं दुःख, दुसऱ्याला नुसते पैसेच येतात याचं. दोन ओळी त्याच्या, दोन माझ्या, असं ते गाणं झालं.

ते ध्वनिमुद्रित झालं मांगरातच, एका टेपरेकॉर्डरवर, साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर. देवगडच्या एका दुकानदाराकडे डबल डेक होता, त्याच्याकडून तीस प्रती काढल्या. विकायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. दिल्या. त्यांच्यावरून लोकांनी प्रती काढल्या, आणि प्रतीची प्रत होत होत गाण्यापेक्षा सरसर जास्त ऐकू यायला लागली. एकदा मालवणच्या बंदरात एका होडीवर ते गाणं वाजताना ऐकलं, तेव्हा मी कुणाला सांगितलंही नाही की हा माझा आवाज आहे. नुसता उभा राहिलो.

आखाती घरांना आठवत असेल, त्या काळात आपल्याकडे चिठ्ठ्यांऐवजी कॅसेट जायच्या. अम्मी एका बाजूला बोलायची, सगळी खबर, कोण आजारी, कुणाचं लग्न. मी दुसऱ्या बाजूला मनीऑर्डरीचं गाणं भरून पाठवलं. दीड महिना धाकधूक. अब्बा पाच वेळचे नमाजी, कडक माणूस. त्यांची कॅसेट आली. घरच्या गोष्टी बोलून झाल्यावर शेवटी म्हणाले, ‘तुझं गाणं खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. ढोल फार जोरात आहे, तुझा आवाज नीट कळत नाही.’ बस. हलाल-हराम काही नाही. पुढच्या सरावाला आम्ही ढोल मांगराच्या बाहेर पडवीत ठेवला.

आणि तरीही मी सोडलं. २००० साली, शेवटच्या वर्षाला. तेव्हाही चहा झाला होता, तेव्हाही ‘हुशार पोरगं’ झालं होतं, आणि तेव्हाही ‘त्या पोरांत’ झालं होतं. अम्मी रडली नाही, ओरडली नाही, फक्त ‘लोक काय म्हणतात बघ’ म्हणाली. मी बँडमधल्या मुलांना खरं कारण सांगितलं नाही. परीक्षा आहे म्हणालो. परीक्षा संपली, मग नोकरी आहे म्हणालो. मिठबावची ती माउली बरीच वर्षं विचारायची म्हणे, ‘तो गाणारो झील खंय रे? हल्ली दिसणा नाय.’ या लेखात कुणावर सगळ्यात जास्त आरोप करायचा असेल तर तो माझ्यावर आहे. हराम वाटलं म्हणून सोडलं असतं, तर मी आज स्वतःचा आदर केला असता. मी सोडलं ते संकोचाने, आणि मित्रांना खोटं सांगून.

ज्यांनी मनापासून सोडलं त्यांचा मी आदर करतो. कॅट स्टीव्हन्स १९७७ मध्ये मुसलमान झाले, युसुफ इस्लाम झाले, गिटारी विकून टाकल्या. पुढे जवळपास पंचवीस वर्षांनी त्यांच्या मुलाने घरात गिटार आणली, आणि बापाने ती हातात घेतली. २००६ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. तो माणूस तेव्हाही नमाजी होता, आजही आहे. पाकिस्तानातले जुनैद जमशेद दुसऱ्या वाटेने गेले. शिकत असतानाच ‘व्हायटल साइन्स’ या बँडमध्ये गाऊ लागले, १९८७ च्या ‘दिल दिल पाकिस्तान’ने घराघरात पोचले, आणि नंतर संगीत सोडून तबलीगमध्ये गेले. त्यांचा निर्णय, त्यांचा हक्क. पण गिटार सोडल्यावर तरी माणसाला सोडलं का? २०१४ मध्ये एका बयानातल्या शब्दांवरून त्यांच्यावर तौहीनचा आरोप झाला, त्यांनी जाहीर माफी मागितली, तरी मार्च २०१६ मध्ये इस्लामाबादच्या विमानतळावर लोकांनी त्यांना मारहाण केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विमान अपघातात ते गेले. काश्मीरच्या ‘प्रगाश’ बँडच्या शाळकरी मुली तर काय वाजवतात हे लोकांनी नीट ऐकण्याआधीच थांबल्या. डिसेंबर २०१२ मध्ये स्पर्धेत कौतुक, फेब्रुवारी २०१३ मध्ये मुफ्तींचा फतवा आणि बँड बंद. या सगळ्यात गप्प करणाऱ्यांची मागणी वाद्यापाशी थांबत नाही, एवढं तरी आपण पाहावं.

आता दुसऱ्या बाजूचंही बोलतो, नाहीतर टाळ्या वाजवणारे फार सुखात बसतील. १९९९ मध्ये आम्ही कणकवलीहून गाडी पकडून मुंबईला एका स्पर्धेला गेलो. दादरला उतरलो तेव्हा पखवाजाच्या पिशवीची पोलिसाने उलटसुलट तपासणी केली, ते असो. स्पर्धेच्या आयोजकांपैकी एकाने माझं नाव वाचलं आणि म्हणाला, ‘अरे वा! मग काहीतरी सुफी करा ना. कव्वालीसारखं. तू मध्ये ये, बाकीचे मागे.’ तेव्हा ‘जुनून’ची हवा होती, सुफी रॉक सगळ्यांना हवं होतं. मी मनीऑर्डरीवर गाणारा मालवणी मुलगा, मला कव्वालीची एक ओळ येत नव्हती. पण माझ्या नावाला शोभेल असं गाणं त्यांना आधीच माहीत होतं. जमात म्हणते गाऊ नको, उदारमतवादी म्हणतात गा, पण मुसलमानासारखं गा. मुसलमानाला नुसतं पोस्टमनवर गाऊ द्यायला दोघेही राजी नाहीत.

आणि ‘संगीत त्यांचं’ हे आपल्या मनात कसं बसलं, तेही विसरून चालणार नाही. मशिदीपुढे वाद्यं वाजवण्यावरून या प्रांतात १८९० च्या दशकापासून दंगे झाले. १८९४ चा पुण्याचा दंगा त्यावरूनच. आजही मशीद आली की मुद्दाम भिंती वाढवणारे डीजे आहेत. वाद्य हे चिडवायचं हत्यार झालं की ज्याला चिडवलं जातं त्याला वाद्याचाच तिटकारा येतो, हे मी समजू शकतो. पण मग आपल्या मिरवणुकांतही डीजे का आले? तिथे किती जण चहा प्यायला गेले? काही उलेमांनी डीजेविरुद्ध ठाम भूमिका घेतली, त्यांना सलाम. बाकीचे गप्प होते. छाती दडपणारा आवाज चालतो, आणि पाच पोरांनी एकमेकांचं ऐकत बसवलेलं गाणं मात्र चालत नाही, हे कोणत्या मजहबात बसतं?

संगीत आपलं नाही म्हणणाऱ्यांनी एकदा मिरजेला जाऊन यावं. उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, १९३७ पासून. उरुसात तिथे गाणं होतं, हिंदू-मुसलमान मांडीला मांडी लावून ऐकतात. तिथली सतारमेकरांची घराणी मुसलमान शिकलगारांची. तलवारींना धार लावणाऱ्या हातांनी तारा जोडायला घेतल्या. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत गात महाराष्ट्रभर फिरले. ‘त्या पोरांत’ बसले नसते, तर संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानांवर तो आवाज आला असता का?

गावातल्या त्या बुजुर्गांना मी भेटलो. गेल्या शुक्रवारी, त्यांच्याच घरी, आणि चहा मीच मागून घेतला. गझालींचं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ‘मी आलिम नाही बाबा. मला त्यातलं कळत नाही.’ मी म्हटलं, ‘चाचा, मग हराम सोडा. “त्या पोरांत” म्हणजे काय, तेवढं सांगा.’ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘दिवस वाईट आहेत. गाणारी मुलगी त्यांची आहे. उद्या कुणी काही उठवलं, पोराला मारलं, तर तू येणार आहेस का?’

हे मला अपेक्षित नव्हतं. मी भांडायला गेलो होतो आणि समोर भीती निघाली, आणि ती खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही. वर्तमानपत्र मीही वाचतो. पण मग चाचांनी बहिणीला हेच सांगायला हवं होतं. भीतीला भीती म्हणायचं. तिला शरियतचा अंगरखा घालून एकोणीस वर्षांच्या मुलाच्या माथी पाप कशाला मारायचं? भीती असेल तर तिच्यावर काही करता येतं. मुलीच्या आईवडिलांना भेटता येतं, कॉलेजच्या प्राध्यापकांशी बोलता येतं, सरावाला कुणी मोठं माणूस बसू शकतं. हराम म्हटलं की सगळं बोलणंच बंद.

‘येणार आहेस का’ याचं उत्तर मी चाचांना तिथेच दिलं. येणार आहे. दर रविवारी, सरावाला. मिठबावच्या पखवाजवाल्याला फोन केला, सव्वीस वर्षांनी खरं कारणही सांगितलं. तो म्हणाला, ‘आमका तेव्हाच कळला होता रे.’ मांगर अजून आहे, पत्रे घातले आहेत, त्यामुळे पावसात आता जास्तच आवाज होईल. आंबा उतरून झाला की रिकामा करून देतो म्हणाला. मुलीच्या वडिलांशी बोलणं झालं, ते स्वतःच गाडीने सोडणार आहेत. बहीण हो म्हणाली आहे. मेहुण्यांनी अजून फोनवर ‘बघू’ एवढंच म्हटलं आहे. भाचा मात्र अजून गिटार न्यायला आलेला नाही. तिची सर्वांत बारीक तार तुटली आहे, ती मी कालच बदलून ठेवली.